समस्थानिक आणि अणुवस्तुमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांकडून समस्थानिकांबद्दल (आयसोटोपबद्दल) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फक्त गणितासाठी आला असाल तर प्रश्न ६ वर जा, पण त्याआधी प्रश्न ३ वाचाच. गणितातल्या बहुतेक चुका तिथल्या गोंधळातून येतात.

१. समस्थानिक म्हणजे नेमकं काय?

एकाच मूलद्रव्याचे, पण केंद्रकातल्या न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू म्हणजे समस्थानिक. क्लोरीनच्या प्रत्येक अणूत १७ प्रोटॉन असतात, त्याला अपवाद नाही. न्यूट्रॉन मात्र काही अणूंत १८ आणि काहींत २० असतात. पहिल्याला क्लोरीन-३५ म्हणतात (१७ + १८) आणि दुसऱ्याला क्लोरीन-३७ (१७ + २०). निसर्गातल्या क्लोरीनमध्ये हे दोन्ही मिसळलेले असतात, मग ते समुद्राच्या मिठातलं क्लोरीन असो की प्रयोगशाळेतल्या आम्लातलं.

समस्थानिक हा ‘खऱ्या’ मूलद्रव्याचा बिघडलेला किंवा दुय्यम प्रकार आहे, असा समज बराच आढळतो. तसं काही नाही. क्लोरीन-३५ जितकं क्लोरीन, तितकंच क्लोरीन-३७.

२. न्यूट्रॉन बदलले तर मूलद्रव्य बदलत का नाही?

कारण मूलद्रव्याची ओळख प्रोटॉनच्या संख्येवर, म्हणजे अणुअंकावर ठरते. केंद्रकात जितके प्रोटॉन, तितकेच इलेक्ट्रॉन उदासीन अणूत बाहेर असतात, आणि रासायनिक वागणूक या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून येते. न्यूट्रॉनवर विद्युतप्रभार नसतो. एखादा वाढला किंवा घटला तरी इलेक्ट्रॉनांची संख्या आणि मांडणी तीच राहते.

१९१३ साली हेन्री मोझ्ली यांनी वेगवेगळ्या मूलद्रव्यांकडून येणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. ती अणुवस्तुमानाशी नव्हे, तर अणुअंकाशी नेमकी जुळते असं त्यांनी दाखवलं. मूलद्रव्यांचा क्रम अणुअंकाने लावायचा, हे तिथून पक्कं झालं. गंमत अशी की तेव्हा न्यूट्रॉन सापडलाही नव्हता. तो जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली शोधला.

३. अणुवस्तुमानांक, समस्थानिकाचं वस्तुमान आणि अणुवस्तुमान हे एकच आहे का?

नाही, या तीन वेगळ्या राशी आहेत.

*अणुवस्तुमानांक* म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या. ही मोजदाद असल्यामुळे तो नेहमी पूर्णांक असतो आणि त्याला एकक नसतं. क्लोरीन-३५ मधले ३५ हे अणुवस्तुमानांकच.

*समस्थानिकाचं वस्तुमान* म्हणजे त्या एका प्रकारच्या अणूचं प्रत्यक्ष मोजलेलं वस्तुमान. क्लोरीन-३५ चं ३४.९६८८५ यू, क्लोरीन-३७ चं ३६.९६५९० यू. (‘यू’ या एककासाठी प्रश्न ९ पाहा.) हे अणुवस्तुमानांकाच्या अगदी जवळ असतं, पण बरोबर तेवढं नसतं. का नसतं, ते प्रश्न १० मध्ये आहे.

*अणुवस्तुमान* म्हणजे आवर्तसारणीत मूलद्रव्याच्या चौकोनात छापलेला आकडा, क्लोरीनसाठी ३५.४५. निसर्गात आढळणाऱ्या सगळ्या समस्थानिकांच्या वस्तुमानांची, त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली ही सरासरी आहे.

पहिल्या दोन राशी एकेका अणूच्या आहेत. तिसरी अणूंच्या ढिगाची आहे. एका अणूबद्दलच्या प्रश्नात तिसरी वापरली किंवा ढिगाबद्दलच्या प्रश्नात पहिली वापरली की उत्तर चुकतं.

४. न्यूट्रॉनची संख्या कशी काढायची? आवर्तसारणीतला आकडा वापरू का?

अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा करायचा, बस. लोह-५६ मध्ये ५६ − २६ = ३० न्यूट्रॉन. आवर्तसारणीतलं ५५.८४५ इथे वापरायचं नाही, नाहीतर २९.८४५ न्यूट्रॉन असं अशक्य उत्तर येईल.

संज्ञा लिहिताना अणुवस्तुमानांक डावीकडे वर आणि अणुअंक डावीकडे खाली लिहितात. उजवीकडची वरची जागा आयनाच्या प्रभाराची आणि खालची रेणूतल्या अणूंच्या संख्येची असते, म्हणून आकडा कुठल्या कोपऱ्यात आहे ते नीट बघा. अणुअंक लिहिलेला नसला तरी बिघडत नाही, तो मूलद्रव्याच्या नावातूनच कळतो.

५. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.४५ आहे, मग त्याच्या अणूत अर्धा न्यूट्रॉन असतो का?

नसतो. ३५.४५ यू वस्तुमानाचा क्लोरीनचा एकही अणू अस्तित्वात नाही. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये ७५.७६% अणू क्लोरीन-३५ चे आणि २४.२४% क्लोरीन-३७ चे असतात, म्हणजे ढोबळपणे दर चार अणूंत तीन हलके आणि एक जड. चौघांचं वस्तुमान अणुवस्तुमानांक धरून मोजलं तर ३५ + ३५ + ३५ + ३७ = १४२, आणि त्याला चारने भागून ३५.५. सुरुवातीच्या पाठ्यपुस्तकांत जे ३५.५ दिसतं ते इथून येतं. नेमकी वस्तुमानं आणि नेमकं प्रमाण घेतलं की ३५.४५ मिळतं.

ज्यांचा एकच स्थिर समस्थानिक निसर्गात सापडतो अशी मूलद्रव्यंही आहेत: फ्लोरिन, सोडिअम, ॲल्युमिनिअम, फॉस्फरस, आयोडिन, सोनं वगैरे. तिथे सरासरीचा प्रश्नच येत नाही. फ्लोरिनचं १८.९९८ हे खरोखरच एका अणूचं वस्तुमान आहे. दुसऱ्या टोकाला कथिल आहे, त्याचे तब्बल १० स्थिर समस्थानिक आहेत.

६. अणुवस्तुमान काढण्याची रीत टप्प्याटप्प्याने सांगा.

मॅग्नेशिअम घेऊ, कारण त्याचे तीन समस्थानिक आहेत आणि दोनची सवय लागलेले विद्यार्थी तिथे अडखळतात.

आधी टक्केवारीची बेरीज १०० येते का ते बघा: ७८.९९ + १०.०० + ११.०१ = १००.००. येत नसेल तर एखादा आकडा चुकीचा उतरवला आहे किंवा एखादा समस्थानिक राहिला आहे.

मग प्रत्येक टक्केवारीला १०० ने भागा आणि त्या समस्थानिकाच्या वस्तुमानाने गुणा:

मॅग्नेशिअम-२४: २३.९८५०४ × ०.७८९९ = १८.९४५८
मॅग्नेशिअम-२५: २४.९८५८४ × ०.१००० = २.४९८६
मॅग्नेशिअम-२६: २५.९८२५९ × ०.११०१ = २.८६०७

तिन्हींची बेरीज २४.३०५१. आवर्तसारणीत २४.३०५ आहे, म्हणजे जुळलं.

बेरजेनंतर पुन्हा ३ ने भागायचं नाही. ‘सरासरी’ म्हटलं की हात आपोआप भागाकाराकडे वळतो, पण १०० ने केलेला भागाकार तेच काम आधीच करून गेलेला असतो.

७. रीत बरोबर आहे, तरी माझं उत्तर जुळत नाही. काय चुकलं असेल?

चुकलेला आकडाच बहुतेक वेळा चूक सांगतो. क्लोरीनचं गणित घेऊन बघा.

३५४५ च्या आसपास काहीतरी आलं: टक्केवारीला १०० ने भागायचं राहिलं.

३६ आलं: ३५ आणि ३७ ची साधी सरासरी काढली, प्रमाण विचारातच घेतलं नाही.

३६.४८ आलं: प्रमाणांची अदलाबदल झाली, ७५.७६% चुकून क्लोरीन-३७ ला गेले.

३५.४८ आलं: इथे रीत अचूक आहे, फक्त मोजलेल्या वस्तुमानांऐवजी अणुवस्तुमानांक ३५ आणि ३७ वापरले. प्रश्नात तेवढेच दिले असतील तर हे उत्तर चालेल. नेमकी वस्तुमानं दिली असतील तर चालणार नाही.

दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्थानी किंचित फरक असेल, तर मधल्या पायरीला आकडे तोडलेले असतात. वरच्या मॅग्नेशिअममध्ये १८.९ + २.५ + २.९ असं केलं तर फक्त २४.३ उरतं. कॅल्क्युलेटरवर सगळे अंक राहू द्या आणि पूर्णांकन अगदी शेवटी करा.

पेपर देण्याआधी दोन सेकंदांची पडताळणी: उत्तर सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड समस्थानिकाच्या मधलंच असायला हवं. समस्थानिक दोनच असतील तर ते ज्याचं प्रमाण जास्त त्याच्याकडे झुकलेलंही असायला हवं. वरच्यापैकी पहिल्या तीन चुका एवढ्याने पकडल्या जातात. चौथी मात्र निसटते.

८. उलटं गणित कसं सोडवायचं? अणुवस्तुमान दिलंय, प्रमाण काढायचंय.

दोनच समस्थानिक असतील तर एका समीकरणात काम होतं. बोरॉनचं अणुवस्तुमान १०.८१, बोरॉन-१० चं वस्तुमान १०.०१२९४ यू आणि बोरॉन-११ चं ११.००९३१ यू. बोरॉन-१० चा हिस्सा क्ष मानला की बोरॉन-११ चा (१ − क्ष) होतो.

१०.०१२९४ क्ष + ११.००९३१ (१ − क्ष) = १०.८१
११.००९३१ − ०.९९६३७ क्ष = १०.८१
क्ष = ०.१९९३१ ÷ ०.९९६३७ = ०.२००

म्हणजे बोरॉन-१० सुमारे २०% आणि बोरॉन-११ सुमारे ८०%. समीकरण मांडायचं नसेल तर हीच रीत एका ओळीत लिहिता येते: हलक्याचा हिस्सा = (जडाचं वस्तुमान − सरासरी) ÷ (जडाचं वस्तुमान − हलक्याचं वस्तुमान).

आता हेच अणुवस्तुमानांक घेऊन करा: ११ − क्ष = १०.८१, म्हणून क्ष = ०.१९. सरळ गणितात अणुवस्तुमानांक वापरल्याने फरक शतांशात होता, इथे तो अख्खा एक टक्का झाला. कारण दोन समस्थानिकांच्या वस्तुमानांत जेमतेम १ यू अंतर आहे, त्यामुळे अणुवस्तुमानात ०.०१ चा फरक पडला की प्रमाण १ टक्क्याने सरकतं. उलट्या गणितात नेमकी वस्तुमानं दिली असतील तर तीच वापरा आणि उत्तरात टक्केवारीचे पाच-सहा अंक लिहू नका. १०.८१ या आकड्यात तेवढी अचूकताच नाही.

तीन समस्थानिक असतील तर एवढ्या माहितीवर उत्तर निघत नाही. अज्ञात तीन आणि समीकरणं दोनच (सरासरीचं आणि बेरीज १ येण्याचं). प्रश्नात आणखी एखादी गोष्ट दिलेली असतेच, उदाहरणार्थ एकाचं प्रमाण किंवा दोघांचं गुणोत्तर. ती शोधा.

९. ‘यू’ म्हणजे किती? आणि कार्बन-१२ च का निवडला?

कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे १ यू. याच एककाला डाल्टनही म्हणतात. किलोग्रॅममध्ये तो १.६६०५४ गुणिले १० चा उणे २७ वा घात इतका होतो. एवढे लहान आकडे हाताळणं नकोसं होतं, म्हणून हे एकक.

याआधी मोजमाप ऑक्सिजनवर बेतलेलं होतं. १९२९ साली ऑक्सिजनचेही समस्थानिक आहेत हे कळलं आणि पंचाईत झाली. रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक मिश्र ऑक्सिजनला १६ मानायचे, तर भौतिकशास्त्रज्ञ फक्त ऑक्सिजन-१६ ला. परिणामी दोन मोजपट्ट्या तयार झाल्या, एकमेकींपासून दहा हजारांत सुमारे पावणेतीन इतक्या वेगळ्या. १९६१ पासून दोघांनी कार्बन-१२ मान्य केला. रसायनशास्त्रज्ञांचे जुने आकडे त्यामुळे दहा हजारांत एकाहूनही कमी बदलले, आणि हे त्याच्या पथ्यावर पडलं.

याला जोडून नेहमी येणारा उपप्रश्न: ‘कार्बन प्रमाण आहे, तर आवर्तसारणीत १२.०११ का?’ कारण प्रमाण कार्बन-१२ आहे, कार्बन नव्हे. नैसर्गिक कार्बनमध्ये सुमारे १.०७% कार्बन-१३ असतो आणि तो सरासरी १२ च्या जरा वर ओढतो.

१०. ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन आणि ६ इलेक्ट्रॉन यांची बेरीज १२ पेक्षा जास्त येते. असं कसं?

बेरीज बरोबर आहे. प्रोटॉन १.००७२७६ यू, न्यूट्रॉन १.००८६६५ यू, इलेक्ट्रॉन ०.०००५४९ यू. तिन्हींची बेरीज करून सहापट केली की १२.०९८९४ यू येतं. अणू मात्र बरोबर १२ यू भरतो. सुट्या कणांपासून केंद्रक बनतं तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, आणि त्या ऊर्जेइतकं वस्तुमान कमी होतं. इथली तूट ०.०९८९४ यू, म्हणजे जवळजवळ ९२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक, मेगा म्हणजे दहा लाख). रासायनिक बंधाची ऊर्जा काही इलेक्ट्रॉनव्होल्टच असते, म्हणून रासायनिक अभिक्रियेत वस्तुमानाचा फरक कुठल्याही तराजूवर दिसत नाही.

ही तूट दर कणामागे सगळ्या केंद्रकांत सारखी नसते. क्लोरीन-३५ चे कण कार्बन-१२ पेक्षा जास्त घट्ट बांधलेले आहेत, म्हणून त्याचं वस्तुमान ३५ च्या जरा खाली. हायड्रोजन-१ च्या केंद्रकात एकच प्रोटॉन, बांधायला दुसरं कुणी नाहीच, म्हणून त्याचं वस्तुमान १.००७८३ यू, १ च्या वर.

११. समस्थानिकांचं प्रमाण मोजतात कसं?

मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या उपकरणाने. नमुन्याची वाफ करून अणूंचे किंवा रेणूंचे धन आयन बनवतात, विद्युतक्षेत्राने त्यांना वेग देतात आणि चुंबकीय क्षेत्रातून सोडतात. प्रभार सारखाच असेल तर हलका आयन जास्त वळतो आणि जड कमी. ते वेगवेगळ्या ठिकाणी पोचतात. कुठे पोचले त्यावरून वस्तुमान आणि किती पोचले त्यावरून प्रमाण कळतं. हे सगळं निर्वातात करावं लागतं, नाहीतर आयन हवेच्या रेणूंवर आपटून वाट चुकतात.

जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑनच्या आयनांच्या दोन वेगळ्या रेषा दिसल्या, एक २० जवळ आणि दुसरी २२ जवळ. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये जास्त अचूक उपकरण बांधलं, अनेक मूलद्रव्यांचे समस्थानिक शोधले आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. निऑनचं अणुवस्तुमान २०.१८ का, हे कोडं त्या दोन रेषांनी सोडवलं: सुमारे ९०.५% निऑन-२०, ९.२५% निऑन-२२ आणि नाममात्र निऑन-२१.

१२. अणुवस्तुमानाचं पूर्णांकन केलं की सर्वांत मुबलक समस्थानिक मिळतो ना?

बऱ्याचदा मिळतो, पण हा नियम नाही. ब्रोमिनचं अणुवस्तुमान ७९.९०४, पूर्णांकन ८०. पण ब्रोमिन-८० निसर्गात सापडतच नाही! तिथे आहेत ब्रोमिन-७९ (५०.६९%) आणि ब्रोमिन-८१ (४९.३१%), आणि त्यांची सरासरी ८० च्या जवळ पडते. चांदीचंही तेच. १०७.८७ वरून १०८ वाटतं, प्रत्यक्षात चांदी-१०७ आणि चांदी-१०९ असे दोनच स्थिर समस्थानिक. तांब्याच्या ६३.५४६ चं पूर्णांकन ६४ होतं. तांबं-६४ किरणोत्सारी आहे आणि त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) १२.७ तास. निसर्गातलं तांबं ६३ आणि ६५ चं मिश्रण आहे.

अणुवस्तुमान एवढंच हातात असेल तर त्यावरून समस्थानिक किती आणि कोणते, हे सांगता येत नाही.

१३. दिलेली टक्केवारी वजनाची असते की अणूंच्या संख्येची?

संख्येची. १०,००० क्लोरीन अणूंत २,४२४ अणू क्लोरीन-३७ चे. पण क्लोरीन-३७ जड असल्यामुळे वजनातला त्याचा वाटा थोडा मोठा, सुमारे २५.२७%. भारित सरासरीच्या (प्रमाणानुसार काढलेल्या सरासरीच्या, प्रश्न ६) सूत्रात संख्येचीच टक्केवारी घालायची. प्रश्नात मुद्दाम ‘वस्तुमानानुसार टक्के’ म्हटलं असेल, तर आधी प्रत्येक टक्केवारीला त्या समस्थानिकाच्या वस्तुमानाने भागून संख्येचं गुणोत्तर काढा, मग पुढे जा.

१४. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म अगदी सारखे असतात का?

जवळजवळ. कारण प्रश्न २ मध्ये दिलं आहे. मात्र ‘जवळजवळ’ हा शब्द हायड्रोजनच्या बाबतीत गंभीरपणे घ्यायला हवा. क्लोरीन-३७ हा क्लोरीन-३५ पेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास जड आहे. ड्युटेरिअम (हायड्रोजन-२) साध्या हायड्रोजनच्या दुप्पट जड आहे.

परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका आहे. ड्युटेरिअमपासून बनलेलं जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं आणि १०१.४ अंशांना उकळतं. २५ अंशांना त्याची घनता १.१०४ ग्रॅम प्रति मिलिलिटर. साधा बर्फ पाण्यावर तरंगतो, पण जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो. अभिक्रियेचा वेगही बदलतो. कार्बन-हायड्रोजन बंध तुटण्यावर वेग अवलंबून असेल आणि तिथे ड्युटेरिअम बसवला, तर सामान्य तापमानाला ती अभिक्रिया सहा-सात पटींपर्यंत मंदावू शकते. ड्युटेरिअमचा शोध हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये लावला आणि १९३४ चं नोबेल त्यांना मिळालं.

जड मूलद्रव्यांत हा फरक नगण्य होतो. युरेनिअम-२३५ आणि युरेनिअम-२३८ यांना साध्या अभिक्रियेने वेगळं करणं जवळपास अशक्य, म्हणून वस्तुमानाच्या फरकावर चालणाऱ्या भौतिक पद्धती वापराव्या लागतात. त्यासाठी युरेनिअम हेक्झाफ्लोराइड हा वायू वापरतात. फ्लोरिनचा एकच समस्थानिक असणं (प्रश्न ५) इथे फार उपयोगी पडतं, कारण रेणूंच्या वस्तुमानातला ३४९ आणि ३५२ हा फरक फक्त युरेनिअममुळेच येतो.

१५. समस्थानिक म्हणजे किरणोत्सारीच असतात का?

नाही. आपल्या आजूबाजूचं बहुतेक सगळं द्रव्य स्थिर समस्थानिकांचं आहे. बातम्यांत किरणोत्सारी समस्थानिकच येतात म्हणून तसं वाटतं. कार्बनचे १२ आणि १३ स्थिर आहेत, १४ किरणोत्सारी (अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षे). हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ साधारण एक लाख कोटींत (एकावर बारा शून्यं) एक इतकाच असतो, त्यामुळे अणुवस्तुमानाच्या गणितात तो धरत नाहीत.

१६. आर्गॉन पोटॅशिअमपेक्षा जड असूनही आवर्तसारणीत आधी का येतो?

क्रम अणुअंकाचा आहे: आर्गॉन १८, पोटॅशिअम १९. वस्तुमानं उलटी पडतात (३९.९५ आणि ३९.१०), कारण आर्गॉनमध्ये ९९.६% जड आर्गॉन-४० आहे, तर पोटॅशिअममध्ये ९३.२६% हलका पोटॅशिअम-३९. आणि हवेत इतका आर्गॉन-४० आला कुठून? मुख्यतः खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशिअम-४० पासून. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, म्हणजे पोटॅशिअमनेच शेजाऱ्याला जड केलं! टेल्युरिअम (१२७.६०) आणि आयोडिन (१२६.९०), तसंच कोबाल्ट (५८.९३३) आणि निकेल (५८.६९३) या जोड्याही अशाच उलट्या आहेत.

१७. काही मूलद्रव्यांखाली कंसात पूर्णांक का असतो?

टेक्नेशिअम, प्रोमेथिअम, पोलोनिअम अशा मूलद्रव्यांचा एकही स्थिर समस्थानिक नाही आणि निसर्गात त्यांचं ठरावीक मिश्रणही मिळत नाही. सरासरी काढायची कशाची? म्हणून एखाद्या दीर्घायुषी समस्थानिकाचा अणुवस्तुमानांक कंसात देतात. ती सरासरी नाही, तिला दशांश लावू नका. युरेनिअम आणि थोरिअम किरणोत्सारी असूनही त्यांना नेहमीसारखं अणुवस्तुमान आहे (२३८.०३ आणि २३२.०४), कारण ती पृथ्वीवर ठरावीक प्रमाणात टिकून आहेत.

१८. दोन तक्त्यांत एकाच मूलद्रव्याचं अणुवस्तुमान वेगळं का दिसतं?

कधी फक्त पूर्णांकनामुळे. पण कधी खरंच फरक असतो, कारण समस्थानिकांचं प्रमाण सगळीकडे तंतोतंत सारखं नसतं. ढोबळ उदाहरण शिशाचं. युरेनिअम-२३८ च्या क्षयसाखळीच्या शेवटी शिसं-२०६ बनतं आणि थोरिअमच्या शेवटी शिसं-२०८. त्यामुळे युरेनिअमच्या खनिजातलं शिसं नेहमीच्या शिशापेक्षा (२०७.२) हलकं भरतं. टी. डब्ल्यू. रिचर्ड्स यांनी १९१४ मध्ये हे मोजून दाखवलं. समस्थानिकांच्या कल्पनेला तो मोठा आधार ठरला.

२००९ पासून आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था काही मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी पल्ला देते: हायड्रोजन १.००७८४ ते १.००८११, क्लोरीन ३५.४४६ ते ३५.४५७, लिथिअम ६.९३८ ते ६.९९७. शालेय गणितात याने काहीच बिघडत नाही. प्रश्नपत्रिकेत दिलेला आकडा वापरा. लिथिअमचं अचूक विश्लेषण करणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. बाजारात मिळणाऱ्या काही लिथिअम संयुगांतून लिथिअम-६ आधीच काढून घेतलेला असतो.

१९. मोल काढताना कोणता आकडा घ्यायचा?

आवर्तसारणीतलं अणुवस्तुमान, ग्रॅममध्ये. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके क्लोरीन अणू घेतले की त्यात दोन्ही समस्थानिक नैसर्गिक प्रमाणात येतातच, म्हणून त्यांचं वस्तुमान ३५.४५ ग्रॅम. अपवाद एकच: नमुना एखाद्या समस्थानिकाने समृद्ध केलेला असेल तर त्याचं वस्तुमान वेगळं काढा. २० ग्रॅम जड पाणी म्हणजे एक मोलपेक्षा किंचित कमी (त्याचं मोलर वस्तुमान २०.०३ ग्रॅम), साधं पाणी तेवढंच घेतलं तर १.११ मोल.

२०. समस्थानिक, आयसोबार, अपरूपं आणि आयन यांत गोंधळ होतो.

आयसोबार: अणुवस्तुमानांक सारखा, मूलद्रव्यं वेगळी, आर्गॉन-४०, पोटॅशिअम-४० आणि कॅल्शिअम-४०. अपरूपं: मूलद्रव्य तेच, अणूंची रचना वेगळी, हिरा आणि ग्रॅफाइट. आयन: इलेक्ट्रॉन कमी-जास्त झालेला अणू. एकच कण आयन आणि समस्थानिक दोन्ही असू शकतो, उदाहरणार्थ क्लोरीन-३७ चा ऋण आयन: १७ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, १८ इलेक्ट्रॉन.

२१. क्लोरीन वायूचं रेणुवस्तुमान ७०.९० आहे, पण मास स्पेक्ट्रममध्ये (मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखात, प्रश्न ११) ७१ ला शिखरच नाही. यंत्र बिघडलंय का?

यंत्र ठीक आहे. ते रेणू सुटे सुटे मोजतं, सरासरी काढत नाही (प्रश्न ३). क्लोरीनच्या रेणूत दोन अणू असतात, म्हणून तीनच शक्यता: ३५ + ३५ = ७०, ३५ + ३७ = ७२ आणि ३७ + ३७ = ७४. प्रमाण काढायला संभाव्यतेचा गुणाकार करा. ७० साठी ०.७५७६ × ०.७५७६ = ५७.४%. ७४ साठी ०.२४२४ × ०.२४२४ = ५.९%. ७२ साठी २ × ०.७५७६ × ०.२४२४ = ३६.७%. तो दोनचा गुणक हमखास विसरला जातो: मिश्र रेणू दोन प्रकारे जुळतो, पहिला अणू ३५ आणि दुसरा ३७, किंवा उलट. तो विसरलात तर तिघांची बेरीज १०० ऐवजी ८१.६ च येईल. ब्रोमिनच्या रेणूचीही शिखरं अशीच काढा. १५८, १६० आणि १६२ वर ती साधारण १ : २ : १ अशी आली, तर रीत जमली.